बर्फ पांढरा नसतो

(पुण्यात एका छायाचित्रण गटापुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. प्रास्ताविकात 'दुरून डोंगर साजरे' येणार, अशी मी सकाळीच बायकोशी पैज लावली होती. दहा फ्रँकची. जिंकलो, आभारी आहे.

माझा पोटापाण्याचा धंदा वेबसाइट बनवण्याचा. गेली अकरा वर्षं झुरिकला राहतो. तिथे रविवारी दुकानं बंद. कपडे धुवावेत म्हटलं, तर आमच्या इमारतीत रविवारी मशीन लावायला मनाई. राहता राहिला डोंगर. माझ्या फोटोग्राफीचं मूळ हे इतकंच आहे, त्यात कलेबिलेची ओढ वगैरे काही नाही.

मी भरकटतो, म्हणून मुद्दा आधीच सांगून ठेवतो. बर्फाचा फोटो पांढऱ्या पानावर टाकू नका. का, ते शेवटी सांगतो.

आमच्या कामात प्रत्येक रंगाला नंबर असतो. पांढऱ्याचा नंबर सहा वेळा एफ. लाल, हिरवा, निळा, तिन्ही २५५ वर, त्यापुढे आकडाच नाही. म्हणजे तिन्ही दिवे भडक पेटवले की पांढरा. आता मराठीत बघा. पांढराशुभ्र आहे, पांढुरका आहे, दुधाळ आहे आणि पांढराफटक आहे. घाबरलेल्या माणसाचा चेहरा कधी पांढराशुभ्र पडत नाही, पांढराफटकच पडतो. सहा एफ म्हणजे तो. अंगातलं रक्त गेलेला.

ह्यावरून रिफेलझेची गोष्ट. ऐकलेल्यांनी माफ करा. (मागे हात वर करणाऱ्या काकांनी ही दोनदा ऐकली आहे. तिसऱ्यांदा चांगली वाटेल, काका.)

स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावाहून गोर्नरग्राटच्या डोंगरावर दातेरी रुळांची गाडी जाते, १८९८ पासून. वाटेत रोटनबोडेन स्टेशनच्या खाली रिफेलझे हे इवलंसं तळं आहे. वारा नसेल तर त्यात ४४७८ मीटरचा मॅटरहॉर्न उलटा दिसतो. कॅलेंडरवरचा तो फोटो इथलाच. मात्र उन्हाळ्यात पहिली गाडी पोचेपर्यंत सूर्य वर आलेला असतो. म्हणून आम्ही आदल्या रात्री वाटेतल्या हॉटेलात राहिलो आणि सव्वाचारला डोक्याला टॉर्च बांधून निघालो. तळ्यावर आधीच सात ट्रायपॉड. आठवा मी लावला. कुणी कुणाशी बोलत नाही, फक्त थर्मासची झाकणं वाजतायत. पाणी अगदी काचेसारखं. वर बर्फ निळसर, राखाडी, झोपलेला.

आणि माझा फोन वाजला.

मुंबईचे एक गिऱ्हाईक. नाव घेत नाही. चादरी-टॉवेल विकतात, नवी साइट त्या दिवशी सुरू व्हायची होती. तुमच्याकडे नऊ वाजून गेले होते. म्हणाले, "अहो, मागचा पांढरा पिवळट दिसतोय. आमच्या चादरी जुन्या वाटतायत." मी म्हटलं, पांढराच आहे. "नाही हो, पिवळट आहे. मिसेसनाही तसंच दिसतंय." आता मिसेस आल्या म्हणजे विषय संपला.

कॅमेऱ्याच्या बॅगेत लॅपटॉप घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसाची कीव करा. मी दगडावर मांडी घातली, फोनवरून नेट घेतलं. हो, तिथे रेंज आहे, संपूर्ण आहे. राजगडावर अजून कुठेकुठे रेंज जाते, हे केवढं सुख आहे ते तुम्हाला कळत नाही. कोड उघडला. सहा एफ. मोजले. सहाच. शेजारचा एक जर्मन माझ्याकडे असा बघत होता, की जणू मी देवळात भजी तळायला बसलोय.

वीस मिनिटं गेली. शेवटी मी विचारलं, "फोन कुणाचा आहे?" तर मुलाचा. मुलाने डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळा करायची सोय चालू करून ठेवली होती. ती बंद केली. "हां, आता झाला बघा पांढरा!" असं म्हणाले, वर "तुम्ही लगेच दुरुस्त केलंत" असंही म्हणाले.

मान वर केली, तर मॅटरहॉर्नचं टोक शेंदरी होऊन, गुलाबी होऊन, साध्या उन्हात येऊन बसलं होतं. हा सगळा खेळ काही मिनिटांचा असतो. सात ट्रायपॉड घड्या होत होते. आणि पाण्यावर वारा आला होता.

त्या दिवशी डोक्यात किडा शिरला. तिकडे पांढऱ्याचा पिवळा झाला म्हणून ओरडा, आणि इकडे ज्याला सगळं जग पांढरा म्हणतं तो बर्फ पाऊण तासात चार रंग बदलून गेला.

आता सोस्यूर. होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर, जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ. १७८६ मध्ये बाल्मा आणि पाकार हे दोघे मों ब्लांवर, म्हणजे आल्प्सच्या सर्वांत उंच शिखरावर, पहिल्यांदा चढले, पुढच्याच वर्षी हा चढला. कशाला? तर आकाश किती निळं आहे ते मोजायला. म्हणजे इतरही उपकरणं होती, पण मला हे आवडतं. प्रशियन ब्लू रंगात कमीजास्त बुडवलेले कागद नेले आणि आकाशाशी ताडून बघितले. पुढे त्याने पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पन्नासहून अधिक छटांचं चक्र केलं, प्रत्येक छटेला नंबर. अहो, हे आमचंच काम! दोनशे वर्षं आधी, पगाराशिवाय. आणि त्याच जिनिव्हाच्या वेशीवर, सर्न ह्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली गेली. वेबवर अगदी सुरुवातीला, १९९२ मध्ये, जे फोटो चढले त्यात सर्नमधल्या चार बायकांच्या गाण्याच्या ग्रुपचा फोटो आहे. स्वच्छ हवेत जिनिव्हातून मों ब्लां दिसतो, तरी त्याचा नंबर नाही लागला!

चिठ्ठी आली. सहा मिनिटं उरली. म्हणजे सहा एफ, मिनिटाला एक.

तर पटपट. सावलीतल्या बर्फावर सूर्य पडत नाही, फक्त आकाशाचा उजेड पडतो, म्हणून तो निळा. हिमनदीच्या भेगेतला निळा वेगळा. तिथे घट्ट बर्फात उजेड खोल जातो, लाल शोषला जातो, निळा उरतो. उन्हाळ्यात जुन्या बर्फावर कधी लाल डाग दिसतात, ते शेवाळ. फेब्रुवारी २०२१ मध्ये सहाराची धूळ आली, तेव्हा उतार नारिंगी झाले होते. मी माझ्या खिडकीतून काढलेला आकाशाचा फोटो बघून मोबाइलच बिघडला असं धरून चाललो होतो.

कॅमेऱ्याला हे काही कळत नाही. त्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरतो, म्हणून बर्फ मळका येतो. एक्सपोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. मात्र हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका. २५५ ला पोचलेल्या जागी बर्फाचा कण उरत नाही, नुसता कागद उरतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला म्हणायचं ते ठरवणारी सोय, ऑटोवर ठेवलात तर सावलीतला निळा तो 'सुधारून' टाकेल. त्यालाही मिसेसनी सांगितलेलं असतं.

आणि आता मुद्दा. चांगल्या फोटोतला बर्फ २३०, २४० च्या आसपास असतो, किंचित निळा, किंचित गुलाबी. तो तुम्ही सहा एफच्या पानावर ठेवलात, की शेजारी पांढराफटक आल्यामुळे बिचारा धुणं राहिलेल्या चादरीसारखा दिसतो. तोच फोटो गडद राखाडी पानावर ठेवा, बर्फ पेटतो. फोटोत एक बिंदूही बदललेला नाही. शेजार बदलला. दोन्ही दाखवतो, मागचे दिवे घालवा जरा.

हा पहिला... थांबा. हा पिवळट का दिसतोय? घरी असा नव्हता. नाही नाही, फोटो बरोबर आहे हो, प्रोजेक्टरचं काहीतरी... कुणाला जमतं का बघा ना. लगेच दुरुस्त होईल.