किप्सचा 'ह' पडद्यावर ऐकू कसा येणार?

नमस्कार मंडळी! सप्टेंबर १९२१. चार्ली चॅप्लिन जवळजवळ नऊ वर्षांनी लंडनला परत आलाय. त्याला बघायला रस्त्यांवर ही झुंबड! आणि तो इंग्रज लेखक एच. जी. वेल्सच्या शेजारी बसून एक सिनेमा बघतोय. वेल्सच्याच कादंबरीवरचा मूकपट, 'किप्स'. अंधारात वेल्स त्याला हळूच सुचवतो, हिरोचं काम करणाऱ्या या पोराबद्दल चार चांगले शब्द बोला बरं का! चॅप्लिननं स्वतःच हे लिहून ठेवलंय.

मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो, कारण या गोष्टीचा सगळा भार त्या पोरावरच होता. कसा, ते सांगतो.

आर्थर किप्स हा इंग्लंडमधल्या फोकस्टन गावच्या कापडदुकानातला शिकाऊ उमेदवार. अचानक त्याला कळतं की न पाहिलेले आजोबा आपल्याला एक घर आणि वर्षाला १,२०० पौंडांचं उत्पन्न ठेवून गेलेत. पैसा तर आला. पण तोंड उघडलं की पंचाईत, कारण किप्स 'ह' खातो. इंग्लंडमध्ये 'हाउस'चं 'आउस' झालं, की माणसाची पायरी तिथंच ठरते. आपल्याकडं कुणी 'पानी' म्हटलं की काहींच्या भुवया वर जातात ना, तसंच. चीड येते मला त्याची.

वेल्सला हे बाहेरून दिसलेलं नव्हतं. साउथसीच्या कापडदुकानात त्यानं स्वतः दोन वर्षं उमेदवारी केली होती. म्हणून १९०५च्या कादंबरीत त्यानं मुद्दाम स्पेलिंगं मोडून किप्सची बोली लिहिली. वाचताना ती थेट कानात वाजते.

आता हीच गोष्ट मूकपटात! आवाजच नाही. दृश्यांच्या मधे संवादाची पाटी दाखवतात, तिच्यावर मोडकं स्पेलिंग लिहिता येईल, पण पाटी वाचून होईस्तोवर विनोद गार पडतो. मग उरतं काय? अंग. कादंबरीत किप्स लंडनच्या बड्या हॉटेलात जेवायला बसतो. समोर काट्या-चमच्यांची रांग, त्यातला कुठला कधी उचलायचा ते कळत नाही, आणि आजूबाजूची माणसं बघतायत. नोकरांची मर्जी राखायला तो बक्षिशी वाटत सुटतो. या सगळ्याला एक शब्द लागत नाही. लागतो तो घाबरलेला हात. आणि लहानपणी त्यानं आणि त्याच्या आवडत्या ॲननं सहा पेन्सचं एक नाणं मोडून अर्धं अर्धं ठेवलेलं असतं. ते अर्धं नाणं तळहातावर दिसलं की पाटीची गरजच काय?

सिनेमा स्टोल कंपनीचा, दिग्दर्शक अमेरिकेचा हॅरल्ड शॉ. ॲन झाली होती त्याची बायको एड्ना फ्लुग्रॅथ. आणि किप्स? जॉर्ज के. आर्थर, विशीतला. पुढच्याच वर्षी शॉनं त्याला वेल्सच्याच 'द व्हील्स ऑफ चान्स'मध्ये घेतलं.

नंतर हा पोरगा हॉलिवूडला गेला. तिथं जोसेफ फॉन स्टर्नबर्ग नावाच्या नवख्या दिग्दर्शकाबरोबर त्यानं अगदी तुटपुंज्या पैशांत 'द साल्व्हेशन हंटर्स' उभा केला आणि त्यात कामही केलं. १९२५ साली तो युनायटेड आर्टिस्ट्स या सिनेमा कंपनीनं प्रदर्शित केला. त्याआधी तो बघून मनापासून कौतुक करणारा माणूस कोण होता माहितीये? चॅप्लिन. या खेपेला शेजारी बसून सुचवायला वेल्स नव्हता.