बाग नगात मोजतात का?

नमस्कार श्रोतेहो. साठी उलटलेल्या माणसानं मोबाईलवर काय शिकावं, असं विचारलं की आपल्याकडे उत्तरं ठरलेली असतात. वीजबिल भरायला शिका, एसटीचं तिकीट काढायला शिका, ओटीपी कुणाला सांगू नका. हे सगळं यायलाच हवं. पण यात आपण फोन शिकतो. फोनवरून दुसरं काही शिकणं हा निराळा मामला आहे, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दल.

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. रोज थोडं शिकायचं, आणि शिकलेलं लगेच कुणाला तरी दाखवायचं. पुन्हा सांगते. रोज थोडं, आणि दाखवायचं. बाकीच्या वेळात मी माझ्या धाकट्या मामांची गोष्ट सांगणार आहे, कारण ती सांगायची संधी मी सहसा सोडत नाही.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. बरीचशी नोकरी वाईहून महाबळेश्वरला चढणाऱ्या पसरणीच्या घाटात गेली. निवृत्त झाले आणि घरी बसून मामीच्या फोडणीत चुका काढायला लागले. माळ्यावर एक पत्र्याचं नळकांडं होतं, त्यात मोडी लिपीतल्या कागदांची गुंडाळी. त्या गुंडाळीत काय आहे, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. ओढ्याकाठची आंब्याची बाग आपली असल्याचा पुरावा! बाग सध्या चुलत घराकडे, म्हणजे तात्यांकडे. कागद वाचलेला कुणीच नव्हता, पण त्याच्या जोरावर दोन्ही घरांचं बोलणं तुटायला आलं होतं.

कुणाकडून तरी वाचून घ्यावा, तर मामांना ते नको. ‘बागेचा कागद परक्याच्या हातात कसा द्यायचा?’ त्यातच २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, सरकारी दप्तरं उघडली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. मग मामांनी ठरवलं, आपणच शिकायचं.

मोडी म्हणजे बोरूनं, हात फारसा न उचलता झरझर लिहायची लिपी. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगायची. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही. हे ऐकल्यावर मामा म्हणाले, “हीच शाळेत शिकवली असती तर शुद्धलेखनात पास झालो असतो.”

सुनेनं त्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं. शिकवणारी मुलगी सोलापूरची. रोज रात्री एक अक्षर, आणि ते गिरवायचं कसं याचा छोटासा व्हिडिओ. मामा सकाळी एका पतसंस्थेच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तेच अक्षर भरून काढायचे. पाठ कोरी होती म्हणून जमलं. हल्ली कॅलेंडरच्या पाठीवर पाककृती, भविष्य आणि अळीवाचे फायदे छापतात. दुधाचा हिशेब, धोब्याचे कपडे, सगळं त्या कोऱ्या पाठीवर मावायचं, ती जागा गेली. कॅलेंडरवाले ऐकत असतील तर एक तरी महिना कोरा सोडा.

असो. मामा पानाचा फोटो काढून पाठवत. ती मुलगी त्या फोटोवरच लाल गोल काढून परत पाठवी, आणि खाली तिचा आवाज, “काका, वळण चुकलं. डावीकडून घ्या.” पसरणीच्या घाटात हयात काढलेल्या माणसाला वळणं शिकवायची! आधी ते त्यांना फार झोंबलं. मग गोडी लागली. एकटा र किती वेगवेगळ्या रूपांत येतो हे आम्हा सगळ्यांना जेवताना ऐकून घ्यावं लागलं.

मुळाक्षरं झाली, बाराखडी झाली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे जमलेले असताना नळकांडं उघडलं. ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर कागद, कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या. मामा बोट फिरवत एकेक शब्द लावायला लागले. गूळ. तूप. तांदूळ. हळद. कुणाच्या तरी लग्नाच्या खर्चाची यादी. मामा डगमगले नाहीत. म्हणाले, “बाग खाली असेल.”

आणि तळाशी तो शब्द आला. पहिलं अक्षर वाळवीनं खाल्लेलं. मग काना. मग ग. पुढचं घडीत गेलेलं. काना आणि ग! “बाग!” मामांचा आवाज थेट तात्यांच्या अंगणात गेला असणार.

तरी शिस्त म्हणून त्यांनी फोटो ग्रुपवर टाकला. एकानं भाग वाचलं, एकानं जागा, एका गृहस्थांनी सुप्रभातचा गुलाब टाकला. मुलीनं फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, “शब्दाच्या पुढे काय आहे काका?” मामांनी सांगितलं, “नग १.” मग तिचा आवाजी संदेश आला. मामांनी तो स्पीकरवर लावला होता, त्यामुळे सगळ्या ओसरीनं ऐकला.

“काका, बाग नगात मोजतात का?”

कागद उजेडात तिरका धरून, घडी हलकेच उलगडून दुसरा फोटो काढला तेव्हा कोपऱ्यात र निघाला. घागर. तांब्याची घागर, नग १, लग्नासाठी चुलत घरातून आणलेली. परत केल्याची नोंद कुठेच नाही.

मामा सरळ माणूस. तिथल्या तिथे तात्यांना फोन लावला. “तात्या, तुमची एक घागर आमच्याकडं येणं आहे. कागदावर आहे.” पलीकडून तात्या म्हणाले, “मग आणून दे की.” आता ती घागर कोणी पाहिलेली? मामांनी फोनवर हात ठेवून आत विचारलं, तर स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, “मोडीत गेली असेल.” मामा भडकले, “अगं मोडीतच आहे, मी काय वाचतोय मघापासून!”

त्या दिवाळीला तात्या आमच्याकडे फराळाला आले. बागेचा वाद आहे तिथेच आहे.

तर यात शिकवलं कुणी? सोलापूरच्या मुलीनं. मोबाईलमुळे तो व्हिडिओ पाहिजे तितक्यांदा मागे नेता आला, वाळवीनं खाल्लेलं अक्षर भिंगाखाली धरल्यासारखं मोठं करता आलं, आणि रोज लाल गोल करणारं माणूस वाईजवळच्या खेड्याला मिळालं. नुसते व्हिडिओ बघून मामांना आठवड्यात कंटाळा आला असता.

हे आपल्या रेडिओला नवं नाही. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या साहाय्यानं शेतकऱ्यांची श्रोता मंडळं चालवली. पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांत, आठवड्याला दोन असे २० कार्यक्रम. गावकरी एकत्र बसून ऐकायचे, ऐकून झालं की चर्चा करायचे, आणि त्यांचे प्रश्न आकाशवाणी केंद्राकडे जायचे. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळायची. मामांच्या ग्रुपात तेच चाललं होतं, फक्त उत्तर मिनिटात यायचं.

सोयी पुष्कळ आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी ‘स्वयम्’ २०१७ पासून. लिहायला-वाचायला न येणाऱ्या प्रौढांसाठी २०२२ पासून ‘उल्लास’ आहे. त्याचं ॲप आहे, पण शिकवायला समोर स्वयंसेवक असतो, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. मोडीचे वर्ग राज्याचं पुराभिलेख संचालनालयही घेतं. तुम्हाला मोडी नको असेल तर पेटी शिका, कानडी शिका, मधमाश्या पाळायला शिका. फक्त रोज थोडं, आणि दाखवायचं.

घरातल्या तरुण मंडळींना एक विनंती. आई-वडिलांनी काही विचारलं की त्यांच्या हातातून फोन काढून घेऊन, चार टिचक्या मारून, ‘हे घे, झालं’ म्हणू नका. फोन त्यांच्याच हातात राहू द्या आणि तुम्ही हात पाठीमागे बांधून सांगा. ज्यांना टायपिंग जड जातं त्यांना कीबोर्डवरचं माईकचं चित्र दाखवा. भाषा मराठी निवडून दिली की बोललेलं मराठीत उमटतं. अक्षरंही मोठी करून द्या. डोळे ताणून वाचायचं असेल तर माणूस दोन दिवसांत फोन बाजूला ठेवतो.

आणि माळ्यावर नळकांडं असलंच, तर घडी ओली करून सोडवू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. लॅमिनेशन करून वाया गेलेले कागद पाहून माझा जीव वर-खाली होतो. सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, सरळ वरून फोटो काढा. घडीचा फोटो वेगळा काढा, तोही तिरक्या उजेडात. मग वाचणाऱ्याला पाठवा. नमस्कार.