माकडं ठणठणीत, रक्तात मात्र व्हायरस

(दृश्य: किबालेचं जंगल, सकाळ. झाडाच्या शेंड्यावर तांबूस डोक्याची माकडं.)

युगांडाच्या पश्चिमेला किबाले नावाचं नॅशनल पार्क आहे, माकडं बघायला याच्यापेक्षा भारी जागा शोधायला लागेल, कारण एकाच जंगलात प्रायमेट्सच्या, म्हणजे माकडं-चिंपांझींच्या कुळातल्या, 13 जाती राहतात. वर शेंड्यावर पानं ओरबाडत बसलेत ना, ते रेड कोलोबस. पोरं उड्या मारतायत, मोठे एकमेकांच्या अंगातल्या उवा काढतायत, म्हणजे सगळं कसं मजेत चाललंय. आता यातल्याच एका माकडाच्या रक्ताचा नमुना घेऊन त्यातला सगळा जेनेटिक माल वाचून काढला तेव्हा, ही 2011 ची गोष्ट, त्यात सिमियन हेमरेजिक फीवर व्हायरसचे दोन नवे प्रकार सापडले, एकमेकांपासून चांगलेच वेगळे, आणि दोन्ही एकाच माकडात, एकाच वेळी!

हेमरेजिक फीवर, म्हणजे ताप आणि रक्तस्राव. मग हे माकड मस्त पानं कसं खातंय?

नाव पडलं त्याची कथा किबालेतली नाहीच. 1964 मध्ये अमेरिकेत बेथेस्डाला संशोधनासाठी आणलेली माकडं पटापट मरायला लागली, नाकातून रक्त, कातडीखाली रक्त, आणि ही माकडं होती आपल्याकडची, भारतातून पाठवलेली लाल तोंडाची. त्याच वर्षी तिकडे सोव्हिएत युनियनमध्ये सुखुमीच्या माकड केंद्रातही असाच प्रकार झाला. त्या काळी आपण परदेशी लॅबना ढिगानं माकडं विकायचो, 1978 मध्ये ती निर्यात बंद झाली, तो वेगळा विषय. मुद्दा असा की व्हायरस भारतीय नव्हताच. तो आफ्रिकन माकडांचा, पाटास माकडाच्या रक्तात तो वर्षानुवर्षं राहतो आणि पाटासला काही म्हणजे काही होत नाही. शेजारच्या पिंजऱ्यातल्या आशियाई माकडाला मात्र तो आठ-पंधरा दिवसांत संपवतो. माणसात हा व्हायरस आजवर सापडलेला नाही, तेव्हा घाबरू नका, पण ही गोष्ट डोक्यात ठेवा: जुन्या घरात गप्प, नव्या घरात धिंगाणा.

(दृश्य: जंगलातली पायवाट. ग्लोव्ह्ज घातलेला हात पानावरची विष्ठा छोट्या ट्यूबमध्ये भरतो.)

जंगली माकडाचं रक्त मिळवणं सोपं नाही, भुलीचा डार्ट मारायचा, ते झाडावरून पडताना खाली झेलायचं, शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. म्हणून बऱ्याचदा काम चालतं ते शेणावर, सॉरी, विष्ठेवर. माकड उठून गेलं की मागे जायचं, ताजा नमुना उचलायचा, आरएनए, म्हणजे व्हायरसचा जेनेटिक माल, टिकवणाऱ्या द्रवात टाकायचा, बाटलीवर कुठून, कधी, कुठल्या टोळीचं ते लिहायचं. ग्लॅमर शून्य, पण एड्सचा व्हायरस आला कुठून हे आपल्याला याच ट्यूबांमुळे कळलं.

आता मोठ्या खेळाडूकडे येऊ, एसआयव्ही, म्हणजे एचआयव्हीचा (एड्सच्या व्हायरसचा) माकडांमधला भाऊबंद. आफ्रिकेतल्या 40 हून जास्त प्रायमेट जातींमध्ये तो सापडलाय आणि बहुतेक जातीचा आपापला वेगळा. आशियातल्या जंगली माकडांमध्ये, म्हणजे आपल्या वानरांत, लाल तोंड्यांत, तो नाही. इतकी व्हरायटी येते कुठून? एक तर हा व्हायरस स्वतःची कॉपी काढताना सतत चुका करतो आणि तपासून बघायची त्याच्याकडे सोय नाही. दुसरं, एका पेशीत दोन वेगळे व्हायरस शिरले तर कॉपी काढता काढता यंत्र इकडून तिकडे उडी मारतं, अर्धा याचा, अर्धा त्याचा, आणि बाहेर पडतो तिसराच.

चिंपांझीचा एसआयव्ही असाच तिसरा आहे. चिंपांझी माकडांची शिकार करतात, किबालेतले तर रेड कोलोबसवर टोळीनं तुटून पडतात, फाडून खातात. तसंच दुसरीकडे, मध्य आफ्रिकेत, चिंपांझींना रेड-कॅप्ड मँगाबे ही माकडं खाताना एक व्हायरस मिळाला आणि स्पॉट-नोज्ड ग्वेनॉनसारख्या माकडांकडून दुसरा, कुठल्या तरी चिंपांझीत दोघांची सरमिसळ झाली. मग कॅमेरूनच्या आग्नेय भागातल्या चिंपांझींकडून, बहुधा शिकारीत सांडलेल्या रक्तातून, तो माणसात आला, साधारण 1900 च्या आसपासच्या दशकांत. आणि चिंपांझीला तो निमूट सोसत नाही बरं का, टांझानियातल्या गोंबेत एसआयव्ही झालेले चिंपांझी लवकर मरतात. घर नवीन आहे ना त्याला.

(दृश्य: ॲनिमेशन. पेशीच्या पृष्ठभागावर अडकलेले व्हायरसचे कण.)

इथे जरा थांबू, कारण मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे. आपल्या पेशींवर टेदरिन नावाचं प्रोटीन असतं. नवा व्हायरस बाहेर पडायला निघाला की हे त्याला दाव्याला बांधलेल्या वासरासारखं पेशीलाच धरून ठेवतं. ग्वेनॉन माकडांच्या व्हायरसकडे हे दावं तोडायला व्हीपीयू नावाचं हत्यार होतं. सरमिसळ होऊन चिंपांझीत आल्यावर ते काम नेफ या दुसऱ्या प्रोटीननं उचललं, व्हीपीयू नुसतंच सोबत राहिलं. मग व्हायरस माणसात शिरला आणि फसला, कारण नेफ टेदरिनला ज्या जागी पकडतं, नेमके तिथले पाच अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनच्या माळेतले मणी, माणसात नाहीतच. पण जगभर पसरलेल्या एचआयव्हीनं काय केलं, तर ते पडून असलेलं व्हीपीयूच बदलून पुन्हा कामाला लावलं. एचआयव्हीचे जे बाकीचे प्रकार हे नीट जमवू शकले नाहीत, ते मध्य-पश्चिम आफ्रिकेच्या बाहेर फारसे गेले नाहीत, यामागे हे एक कारण असणार असं मानतात.

मग माकडांमध्ये हा आहे तरी किती जुना? आधी व्हायरसच्या जेनेटिक बदलांचं गणित मांडून काही शे वर्षं, असं उत्तर यायचं. मग कुणाला तरी आठवलं की कॅमेरूनच्या समोर बायोको नावाचं बेट आहे, समुद्र वर चढल्यामुळे ते साधारण 10,000 वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून तुटलं, माकडं तेव्हापासून तिथेच अडकलेली. त्या माकडांचे एसआयव्ही किनाऱ्यावरच्या भाऊबंदांच्या व्हायरसशी ताडून पाहिले, नवं गणित केलं, आणि 2010 मध्ये आकडा आला किमान 32,000 वर्षं. म्हणजे आधीचा हिशोब साफ फसलेला. खरं वय याहून खूप जास्त असू शकतं.

(दृश्य: सह्याद्रीतलं जंगल, काजूची बाग.)

आता आपल्याकडे या, कारण तोच नियम इथे उलटा वाचायचाय. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात वानरं आणि लाल तोंडी माकडं मरून पडायला लागली, पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आत्ताच्या एनआयव्हीनं, तो व्हायरस शोधून काढला. आपण त्याला माकडताप म्हणतो, पण बिचारी माकडं यात आरोपी नाहीतच. व्हायरस मुरलेला आहे गोचिडींत आणि उंदरांसारख्या छोट्या प्राण्यांत, माकड त्याचं जुनं घर नाही, म्हणून तर ते मरतं. मेलेल्या माकडाचं अंग गार झालं की गोचिडी उतरून पाचोळ्यात पसरतात आणि तिथे पुढचा येणारा कोण, तर लाकडं गोळा करणारा नाहीतर काजू वेचणारा, गोचीड त्याला चावली की ताप त्याला. 2015 मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला हेच झालं.

म्हणून तिकडे मेलेलं माकड दिसलं की हात न लावता वनखात्याला नाहीतर आरोग्य केंद्रात कळवायचं, मग त्या जागेभोवती 50 फुटांपर्यंत कीटकनाशक टाकतात. अडचण एवढीच की गोचिडीची पिल्लं डिसेंबर ते मे या काळात सगळ्यात जास्त असतात, आणि काजूचा सीझनही नेमका त्याच दिवसांत येतो.