चालत गेलेला माणूस

२० फेब्रुवारी १९९८, ढाका. क्लब क्रिकेटचा सामना. भारताचे माजी क्रिकेटपटू रमण लांबा फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ उभे होते, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. फलंदाजाने मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला तो इतक्या जोरात, की तिथून उडून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. लांबा उठले, चालत ड्रेसिंग रूममध्ये गेले. पण लवकरच तब्येत ढासळली. शस्त्रक्रिया झाली, तरी तीन दिवसांनी ते गेले. वय ३८.

चालत गेलेला माणूस! इथेच तर घरोघरी फसगत होते.

कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून लागूनच एक रोहिणी (धमनी) जाते. हाड तडकलं की ती फाटू शकते. मग कवटी आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. सुरुवातीला माणूस बोलतो, चहा पितो, घरीही जातो. कवटी काही ताणली जात नाही, त्यामुळे वाढती गुठळी मेंदूलाच दाबत जाते. डोकं जास्त जास्त दुखतं, उलट्या होतात, ग्लानी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते. आणि आपण म्हणतो, थकलाय, झोपू दे. झोपू देऊ नका, सीटी स्कॅन होईल अशा रुग्णालयात न्या.

म्हाताऱ्या माणसांत आवरणाखालच्या शिरांतून रक्त फार सावकाश झिरपतं. पडल्याला काही आठवडे होऊन गेल्यावर चाल बिघडते, विसरायला होतं. त्यालाही ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं. कारण हे दुखणं बरं होण्यासारखं असतं.

हीच आवरणं खाली पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूभोवतीही असतात. तिथे रक्त साचलं तर पायांतली ताकद जाते, लघवी अडते. तिथेही उशीर परवडत नाही.

मार्च १९६२, बार्बाडोस. चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटी फुटली. सीटी स्कॅन तेव्हा जगात कुठेच नव्हता. तरी मेंदूवरचा दाब कमी करायला डॉक्टरांनी तातडीने शस्त्रक्रिया केली. रक्त द्यायला वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले, पॉली उम्रीगर आले, आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी आले. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत, पण वाचले, आणि पुढे कित्येक वर्षं प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले.