पानाच्या कडा (निवेदन)

[विहिरीचं पाणी पाटाला लागतं]

भातकापणी आटोपली की वेंगुर्ल्याकडच्या याच खाचरांत वायंगणी भाजी लागते. वांगी, मिरची, लाल माठ. माती जांभ्याची, आंबट. पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस हिच्यावर पडतो आणि निथळताना पालाश (पोटॅश), चुना सोबत नेतो.

[वांग्याचे दोन वाफे, शेजारी शेजारी]

डावीकडचा काळपट हिरवा, पानं रुंद, लुसलुशीत. येणारा-जाणारा याचंच कौतुक करतो. याला सगळा युरिया एकदम पडलाय, उजवीकडच्याला हप्त्याहप्त्याने. युरियातलं एवढं नत्र (नायट्रोजन) झाडाला प्रथिनांत बांधता येत नाही, मग अमिनो आम्लं रसात मोकळी फिरतात. मावा ही बारीक कीड जगते त्याच रसावर, आणि एरवी त्यात तिला कमी पडतं ते नत्रच. ते मिळालं की पिल्लं जास्त आणि लवकर. वर पालाशची उणीव असेल तर प्रथिनं बनणं आणखी रेंगाळतं, पानही कोवळंच राहतं आणि माव्याची सोंड सहज शिरते.

[पान, अगदी जवळून]

कडा पिवळ्या, करपलेल्या. फसगत होते ती इथे. पान खालचं, जुनं आणि पाठ कोरी असेल, तर बहुधा पालाश कमी. कडा वर वळल्यात आणि पान उलटताच फिकट हिरवी पिल्लं तिरकी पळाली, तर तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे किडे. पहिल्या पानावर फवारा म्हणजे औषध वाया. कधी दोन्ही एकाच झाडावर सापडतात, म्हणून खालची आणि वरची पानं वेगवेगळी उलटून बघायची.

[बंबाखालची राख चाळली जाते]

ही बंबाची राख. लाकडाचीच हवी, प्लास्टिक जाळलेली नको. झाडामागे मूठभर, बुंध्यापासून वीतभर लांब, मातीत मिसळून. हिच्यात पालाशही आहे, चुनाही, त्यामुळे आंबट मातीला ती दुहेरी लागू पडते. युरियात मात्र कालवायची नाही, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. दोन्हींत आठवडाभराचं अंतर ठेवायचं.

वांग्याला हेक्टरी 150 किलो नत्र धरलं तर गुंठ्याला दीड किलो, म्हणजे साधारण सव्वातीन किलो युरिया. निम्मा लावणीला, उरलेला महिन्याच्या अंतराने दोन हप्त्यांत. शेणखत भरपूर असेल तर यातून वजा करायचं. ते हाताला गार लागलं, मातीसारखा वास आला, की कुजलं समजा. कच्च्या शेणाबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीही शेतात येते.

[कात्री, सुकलेला शेंडा]

शेंडा पोखरणारी अळी खत सांभाळून थांबत नाही. शेंडा छिद्राच्या खाली कापून नष्ट करायचा, दर आठवड्याला.

[तोडणी. दोन टोपल्या]

डावीकडच्या वाफ्याच्या टोपलीतली वांगी माव्याच्या पाझराने चिकट झालीत, भाव कमी येईल. उजवीकडची अजून भरतेय.