नोटेशनचं पान कोणाच्या हक्काचं?

[पडदा: जुन्या स्कोअरचं, म्हणजे संगीताच्या छापील नोटेशनचं, पहिलं पान. कॅमेरा सावकाश तळाकडे सरकतो.]

पानाच्या तळाशी बघा. बारीक अक्षरांत ‘यू. ई.’ आणि पुढे एक आकडा. हा प्लेट नंबर. पूर्वी नोटेशन धातूच्या पत्र्यावर कोरून छापत. कुठला पत्रा कुठल्या कृतीचा हे कळावं, म्हणून कृतीच्या प्रत्येक पानावर तोच आकडा टाकत. ‘यू. ई.’ म्हणजे व्हिएन्नाची युनिव्हर्सल एडिशन. कृती हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकची, पियानोसाठीची ‘रोमेनियन लोकनृत्ये’, छपाई 1918 ची. भारतात, कॅनडात, युरोपात, अमेरिकेत, कुठेही ही पानं बिनदिक्कत उतरवून घ्यावीत.

आता त्याच संगीतकाराची, त्याच प्रकाशकाने 1937 मध्ये छापलेली दुसरी कृती: तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि चेलेस्टासाठीचं (पियानोसारखं, घंटांच्या आवाजाचं वाद्य) संगीत. ही कॅनडात 1996 पासून मोकळी, म्हणजे कॉपीराइट संपलेली, आहे, भारतात 2006 पासून, युरोपात 2016 पासून. अमेरिकेत मात्र 2032 संपेपर्यंत हात लावता येत नाही.

[पडदा: चार देशांची नावं, समोर वर्षं.]

हा घोळ होतो मोजण्याच्या पद्धतीमुळे. बार्टोक सप्टेंबर 1945 मध्ये न्यूयॉर्कला वारले. बहुतेक देश मृत्यूपासून वर्षं मोजतात आणि त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर हक्क संपवतात. कॅनडात तेव्हा 50 वर्षांचा नियम होता, युरोपात 70 चा. आपल्याकडे 60. आपलेही आधी 50 च होते. रवींद्रनाथ ठाकुरांचे हक्क 1991 अखेर संपायला आले, तेव्हा दहा वर्षं वाढवून मिळाली. अमेरिकेत जुन्या छापील कृतींची मोजणी मृत्यूपासून होतच नाही. प्रकाशनापासून 95 वर्षं धरतात.

कागदावर हे सरळ आहे. इंटरनेटला मात्र सीमा नसते, आणि भांडण तिथूनच लागलं. फेब्रुवारी 2006 मध्ये एडवर्ड ग्वो या संगीताच्या विद्यार्थ्याने कॅनडाच्या कायद्याच्या आधाराने ‘आयएमएसएलपी’ हे मोफत स्कोअर-ग्रंथालय सुरू केलं. व्हेनिसमध्ये 1501 साली खिळे जुळवून बहुस्वरी संगीताचं पहिलं पुस्तक छापणाऱ्या पेत्रुच्चीचं नावही त्याला जोडलं आहे. ऑक्टोबर 2007 मध्ये युनिव्हर्सल एडिशनची वकिली नोटीस आली: कॅनडात मोकळ्या पण युरोपात बंद असलेल्या कृती युरोपातल्या वाचकांना दिसू देऊ नका. बार्टोक तेव्हा नेमके याच गटात होते. विद्यार्थ्याच्या खिशाला कोर्टकचेरी परवडणारी नव्हती. साइट बंद पडली आणि 30 जून 2008 ला पुन्हा उघडली.

आता तिथे फाइलपुढे कॅनडा, अमेरिका आणि युरोप यांच्यासाठी वेगवेगळा शेरा असतो. भारताचा रकाना नाही. आपला हिशेब आपणच करायचा. सभासद नसाल तर डाउनलोडआधी 15 सेकंद थांबावं लागतं. तेवढी किंमत फार नाही.

कॅनडाची ती पळवाट मात्र 30 डिसेंबर 2022 ला बुजली. तिथेही 70 वर्षं झाली, पण आधी मोकळं झालेलं मोकळंच राहिलं. एप्रिल 1971 मध्ये वारलेले स्ट्राविन्स्की कॅनडात मोकळे आहेत. 1972 मध्ये गेलेल्या संगीतकाराला 2042 अखेरपर्यंत थांबावं लागेल.

[पडदा: बाखच्या एकाच कृतीच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी.]

सगळ्यात जास्त फसगत मात्र इथे होते. बाख 1750 मध्ये वारले. त्यांच्या संगीतावर आज कोणाचाही हक्क नाही, पण समोरच्या पानावर असू शकतो. जर्मन कायदा संशोधित आवृत्तीला (मूळ हस्तलिखितं ताडून अभ्यासकाने सिद्ध केलेली) प्रकाशनापासून 25 वर्षांचं संरक्षण देतो. ब्रिटनमध्ये छापील मांडणीलाच 25 वर्षं मिळतात. संपादकाने स्वतः रचलेली साथ किंवा दुसऱ्या वाद्यासाठी केलेली बांधणी ही तर स्वतंत्र कृतीच, तिचं वय त्या माणसाच्या मृत्यूपासून मोजायचं. म्हणून क्रम ठरलेला ठेवावा: आधी संगीतकाराचं मृत्यूवर्ष, शब्द असतील तर कवीचं, मग संपादक आणि बांधणी करणारा, आणि शेवटी या आवृत्तीचं वर्ष. मुखपृष्ठावरचं वर्ष पुनर्मुद्रणाचं असू शकतं. पहिल्या पानाच्या तळाशी छापलेलं जास्त भरवशाचं.

जुन्या फुकट आवृत्तीचाही एक तोटा आहे. एकोणिसाव्या शतकातले संपादक आपल्या खुणा मूळ स्वरांत बेमालूम मिसळत. व्हायोलिनचा बो (गज) कुठे उलटायचा, बोटं कुठली, हे बाखने लिहिलंय की शंभर वर्षांनंतरच्या कुणी, पानावरून कळत नाही. संशोधित आवृत्तीला आपण पैसे मोजतो ते हे वेगळं करून दाखवण्याचे, आणि ते वाजवी आहेत.

वर्गणीचं गणित निराळं. महिन्याचे पैसे भरून हजारो स्कोअर टॅबलेटवर दिसतात. वर्गणी थांबली की पानं बंद, आणि अनेक ॲपमध्ये त्यावर केलेल्या खुणाही हाताबाहेर जातात. रोज नवं वाचणाऱ्या साथीदाराला ते परवडतं. वर्षभर तीनच कृती घोटणाऱ्या विद्यार्थ्याने छापील प्रत घ्यावी. पैसे भरण्याआधी कृती मोफत ग्रंथालयात शोधावी, कारण मोकळ्या कृतीही वर्गणीच्या कुंपणाआड ठेवलेल्या सापडतात. म्यूझस्कोअरचाही घोटाळा होतो: नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, त्याच नावाची साइट वर्गणी घेते.

आजच्या संगीतकारांच्या ऑर्केस्ट्रा-कृतींचे पार्ट, म्हणजे एकेका वादकाची पानं, तर बहुधा विकत मिळतच नाहीत. भाड्याने येतात, कार्यक्रम झाला की खुणा खोडून परत जातात. म्हणून वादकांच्या स्टँडवर मऊ पेन्सिल असते, पेन नाही.

[पडदा: स्कॅनरच्या काचेवर उघडं पुस्तक.]

मोकळी कृती स्वतः स्कॅन करून टाकायची असेल, तर 600 डीपीआय, निव्वळ काळं-पांढरं. काळं कुठे संपून पांढरं कुठे सुरू होतं हे ठरवणारी पातळी (थ्रेशोल्ड) जास्त उजळ ठेवली की आधी स्टाफच्या, म्हणजे स्वर ज्यांवर लिहितात त्या पाच, बारीक रेषा तुटतात, मग स्वरांपुढचे ठिपके जातात, आणि दीडपट लांबीचा स्वर साधा होऊन बसतो. जुनी पानं साधारण 9 बाय 12 इंचांची. ए-4 वर आपोआप बसवून छापली की सुमारे आठ टक्के आक्रसतात. ए-3 वर मूळ मापात छापून कडा कापाव्यात.

आता आपलं घर. कायदा स्टाफ नोटेशन आणि सरगम असा भेद करत नाही. 1957 च्या कायद्यात सांगीतिक कृतीच्या व्याख्येत तिचं लेखी नोटेशनही येतं. चाल ‘सा रे ग म’मध्ये उतरवली म्हणून ती आपली होत नाही. भातखंडे 1936 मध्ये वारले, तेव्हाच्या 50 वर्षांच्या नियमाने त्यांच्या हयातीत निघालेली मूळ मराठी क्रमिक पुस्तकं 1986 अखेरच मोकळी झाली. नंतरच्या हिंदी अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा, तो वेगळा तपासायचा.

स्वतःच्या रियाजासाठी एक प्रत काढणं वेगळं आणि तीच पीडीएफ दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं वेगळं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालाने अभ्यासक्रमासाठीच्या झेरॉक्सना आधार दिला, तो वर्गातल्या शिकवण्यापुरता.

गीतरामायणाची सरगम अशीच फिरत असते. ग. दि. माडगूळकर डिसेंबर 1977 मध्ये गेले, सुधीर फडके जुलै 2002 मध्ये. म्हणजे शब्द 2037 अखेर मोकळे होतील, चाली 2062 अखेर. तोवर पुस्तिका काढायची असेल, तर परवानगी दोन्हीची घ्यायची, आणि पत्रात प्रतींची संख्या आणि ‘ऑनलाइन टाकणार की नाही’ हे स्पष्ट लिहून घ्यायचं. छापण्याच्या परवानगीत इंटरनेट आपोआप येत नाही.