फक्त एक बोर्ड

नमस्कार श्रोतेहो.

परळच्या चाळीतला दहावीतला एक मुलगा. प्रिलिमला बीजगणितात ४० पैकी ११. घरी येऊन दप्तर आपटलं, ताट सरकवलं. आई “बोल ना, काय झालं?” म्हणत मागे लागली, तसं त्याने आतून दार लावून घेतलं. आजोबा काहीच बोलले नाहीत. गॅलरीत स्टुलावर कॅरम ठेवला, चिमूटभर बोरिक पावडर भुरभुरली. चिमूटभरच हं, हल्ली लोक अख्खा डबा उपडा करतात! मग दाराशी जाऊन म्हणाले, “कंटाळलोय रे. एक बोर्ड?”

दहा मिनिटांनी पोरगा बाहेर आला. ब्रेक असा ठोकला की स्ट्रायकर थेट पॉकेटात. ड्यू, म्हणजे दंड! पुढच्या खेपेला परत तेच. आजोबा म्हणाले, “ब्रेकला जोर, कटला नुसतं बोट.” कट म्हणजे सोंगटीला कडेने हलकंच मारणं. चौथ्या खेपेला तो थांबला, श्वास सोडला, बोट सैल केलं. कट बसला. तिसऱ्या बोर्डाला राणी घेतली, कव्हरही केली. आणि सोंगट्या लावता लावता, मान वर न करता म्हणाला, “आजोबा, बाबांना कसं सांगू?”

हात गुंतलेले, नजर बोर्डावर, म्हणून तोंड उघडलं. समोर बसवून विचारलं की मुलं मिटतात. उशी बडवून राग उतरत नाही, उलट पेटता राहतो. जोर आवरावा लागेल असा खेळ हवा. उदास मुलाला मात्र उठवून चालायला न्या, शिवाजी पार्कला एक फेरी पुरे. मूड आल्यावर जाऊ म्हणाल तर तो येणार नाही. आधी पाय, मग मूड.

वेळ १५-२० मिनिटं. आधी आणि नंतर विचारा, “दहापैकी किती राग?” आठाचा सहा झाला तरी काम झालं. आणि बऱ्या दिवशीही खेळा, नाहीतर कॅरम निघाला की पोरगं ओळखतं, आता चौकशी होणार. खेळताना शिकवू नका, फॅमिली ग्रुपवर फोटो टाकू नका. सोसायट्यांनी गच्च्यांना कुलपं ठोकलीत, गाड्यांना जागा आहे, चार पोरांना नाही, ते वेगळंच दुखणं.

दोन आठवडे झोप, जेवण, शाळा बिघडलेली राहिली तर कॅरमवर थांबू नका, डॉक्टर गाठा. जीव नकोसा झाल्याचं बोललं तर दोन आठवडेही नकोत, त्याच दिवशी. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, तिचा फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या, १४४१६. पुन्हा सांगतो : एक, चार, चार, एक, सहा.